सोनेरी खुंट्यांची अर्धपोकळ गिटार घ्यावी का?

१. एका प्रश्नात दोन प्रश्न

इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेला माणूस हमखास विचारतो, “ती लालसर रंगाची, पोटावर व्हायोलिनसारख्या फटी असलेली आणि सोनेरी खुंट्यांची गिटार मनात भरली आहे. घेऊ का?” दुकानदार हो म्हणतो, कारण त्याला ती विकायची असते. मित्र नको म्हणतो, कारण त्याच्याकडे वेगळ्या जातीची असते. दोघंही एकाच प्रश्नाचं उत्तर देत असतात, पण विचारलेले असतात दोन. गिटारीचं पोट अर्धं पोकळ असण्याचा संबंध आवाजाशी आणि वाजवण्याच्या जागेशी आहे. खुंट्या सोनेरी असण्याचा संबंध दिसण्याशी आणि किती वर्षं तशा दिसतील याच्याशी आहे. किंमत मात्र दोन्हींची मिळून एकच सांगितली जाते, आणि घेणाऱ्याला वाटू लागतं की सोनेरी आहे म्हणजे आवाजही वरच्या दर्जाचा असणार.

हा समज तपासायचा तर या गिटारीच्या जन्माकडेच जावं लागतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या कालामाझू गावी गिब्सन कंपनीचा कारखाना होता. टेड मकार्टी कंपनीचे अध्यक्ष असताना, १९५८ मध्ये, तिथून ईएस-३३५ नावाची पहिली अर्धपोकळ गिटार बाजारात आली. तिचे धातूचे भाग साधे, निकेलचे होते. त्याच वर्षी ईएस-३५५ आली. तिची लाकडी चौकट तीच, मात्र खुंट्या, ब्रिज आणि पिकअपची झाकणं सोनेरी, बोटं ठेवायची पट्टी आबनुसाची, कडांना जास्त नक्षी आणि आतली वायरिंग बहुधा अधिक गुंतागुंतीची. म्हणजे बनवणाऱ्यांनीच सोन्याला आवाजाच्या खात्यात धरलं नव्हतं, मानाच्या खात्यात धरलं होतं. पुढच्या साठ-पासष्ट वर्षांत जगभरातल्या ब्लूज, जॅझ आणि रॉक वादकांनी जास्त उचलून धरली ती साधी ३३५. हा पुरावा हाताशी ठेवून आधी पोकळीचा विचार करू, सोन्याचा नंतर.

२. पोट पोकळ कशासाठी?

ताणलेली तार एकटी फारशी हवा हलवू शकत नाही. ती इतकी बारीक असते की हवा तिच्या दोन्ही बाजूंनी निसटून जाते. म्हणून तारेखाली रुंद आणि पातळ असं काहीतरी लागतं, जे तारेच्या कंपनाने थरथरेल आणि पुष्कळ हवा ढकलेल. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला भोपळा लावतात तो याचसाठी. वारीत वीणेकऱ्याच्या गळ्यात असणाऱ्या वीणेलाही भोपळा असतो तो याचसाठी. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातल्या पाटसहून रोटी घाटाकडे वळते तेव्हा त्या वीणेला वीज लागत नाही. तिचा ध्वनिवर्धक तिच्या पोटातच असतो.

या व्यवस्थेची किंमत तारेला मोजावी लागते. तारेला आपण एकदाच छेडतो, म्हणजे एकदाच शक्ती देतो. ती शक्ती पोटाच्या फळीने झपाट्याने हवेत उधळली, तर आवाज मोठा येतो पण लवकर विरतो. भरीव लाकडाची इलेक्ट्रिक गिटार याच्या उलट वागते. तिची फळी जवळजवळ हलत नाही, त्यामुळे नुसती वाजवली तर खोलीबाहेर ऐकू जात नाही, पण तारेतली शक्ती टिकते आणि सूर लांबतो. तो मोठा करण्याचं काम पिकअप आणि अँप्लिफायर करतात. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार त्यावर हलली की वेढ्यांमध्ये क्षीण वीज निर्माण होते आणि ती अँपकडे जाते. पिकअप तारेची हालचाल टिपतो. हवेतला आवाज त्याला ऐकू येत नाही, आणि नायलॉनची तार तर त्याच्या लेखी नसतेच.

मग पिकअपला पोकळीचं काय सोयरसुतक, असा आक्षेप इथे रास्तपणे घेता येतो. लाकडाबद्दल गिटारवाले जे दावे करतात त्यातले निम्मे श्रद्धेच्या प्रांतात जमा करावेत, हे मान्यच आहे. पण पोकळी तारेच्या हालचालीत ढवळाढवळ करते, आणि पिकअप टिपतो ती हालचालच. छेडल्याबरोबर येणारा ठोका थोडा मऊ होतो, सूर थोडा लवकर उतरतो आणि मोठ्या आवाजात गिटारीचं पोट स्वतःच थरथरू लागतं. पहिले दोन फरक सूक्ष्म आहेत. पैसे फुकट घालवतो तो तिसरा.

३. मधला ओंडका

देवळातला माइक भोंग्यासमोर आला की शिट्टी मारतो, हे सगळ्यांनी ऐकलं आहे. भोंग्याचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा भोंग्यातून येतो, पुन्हा शिरतो, आणि हे चक्र थांबत नाही. पूर्ण पोकळ इलेक्ट्रिक गिटारीचंही तेच होतं. अँपचा आवाज तिच्या पोटाची फळी हलवतो, फळी तारा हलवते, पिकअप ते टिपून अँपला देतो आणि न वाजवताच गिटार घुमायला लागते. यालाच फीडबॅक म्हणतात.

यावर तोडगा म्हणून लेस पॉल या वादकाने १९४०च्या सुमारास चार इंच जाडीच्या चौकोनी पाइनच्या ओंडक्यावरच तारा चढवल्या. मग लोकांना ती गिटार वाटावी म्हणून दोन्ही बाजूंना एका पोकळ गिटारीचे कापलेले पंख चिकटवले. गिब्सनने १९५८ मध्ये हीच कल्पना सभ्य रूपात आणली. बाहेरून पोकळ दिसणाऱ्या गिटारीच्या मधोमध, मानेपासून शेपटीपर्यंत, मेपलचा भरीव ठोकळा बसवला. पिकअप आणि ब्रिज, म्हणजे तंबोऱ्यात जिला घोडी म्हणतात तो भाग, या ठोकळ्यावर असतात. दोन्ही बाजूंचे पंख तेवढे पोकळ राहतात. फीडबॅक पुष्कळ कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. बी. बी. किंगसारखा वादक मोठ्या मंचावर वाजवताना फटींमध्ये चिंध्या कोंबायचा. शेवटी १९८० मध्ये त्याच्या नावाने काढलेल्या ल्युसिल गिटारीला कंपनीने फटीच ठेवल्या नाहीत. ल्युसिल होती सोनेरी. पण तिचा मोठ्या मंचावरचा प्रश्न सुटला तो फटीच नसल्यामुळे.

आणखी एक घोटाळा टाळायला हवा. एपिफोन कंपनीची कॅसिनो दिसायला पुष्कळशी ३३५सारखी आहे, बीटल्सनीही ती वाजवली, पण तिच्या पोटात हा ठोकळा नाही. ती पूर्ण पोकळ आहे. नुसत्या फोटोवरून पोटातला फरक कळत नाही. फटीतून मोबाइलचा उजेड टाकला की कळतो: आत जाड लाकडाची भिंत दिसली तर अर्धपोकळ, पलीकडच्या फटीपर्यंत मोकळी जागा दिसली तर पूर्ण पोकळ.

४. पाटसमध्ये ती वाजणार कुठे?

पोकळीचा निर्णय जागेवर अवलंबून आहे, म्हणून गिटार विकत घेण्याआधी ती कुठे वाजणार याची यादी करावी. उदाहरणादाखल दौंड तालुक्यातलं पाटस गाव घेऊ. तिथे आणि आसपासच्या भागात इलेक्ट्रिक गिटार साधारण चार ठिकाणी वाजते: घरातल्या खोलीत, केडगाव-दौंडकडच्या चर्चच्या गायनात, गणपती आणि जत्रांमधल्या ऑर्केस्ट्रांत आणि अलीकडे अभंगांना रॉकची जोड देणाऱ्या तरुण मंडळींच्या बँडमध्ये. ‘अभंग रिपोस्ट’सारख्या बँडमुळे या शेवटच्या प्रकाराला आता श्रोतेही मिळाले आहेत.

खोलीत अर्धपोकळ गिटार खरोखर सोयीची. अँप न लावताही ती रियाजापुरती ऐकू येते आणि शेजारच्याची झोप मोडत नाही. काही भरीव गिटारींपेक्षा ती वजनाला हलकी असते, मात्र पसरट असल्यामुळे लहान चणीच्या माणसाला उजवा हात आखडल्यासारखा वाटू शकतो. चर्चमध्ये, जिथे माणसांचा आवाज मुख्य आणि वाद्यं मागे असतात, तिथे तिचा मऊ ठोका शब्दांच्या आड येत नाही. शांत बैठकीत पोकळ गिटार किती शोभते याचा भारतातला सर्वांत मोठा दाखला ब्रिजभूषण काब्रा यांचा. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या १९६७च्या ध्वनिमुद्रिकेतली गिटार त्यांची. रागसंगीतासाठी त्यांनी वापरली ती गिब्सनची सुपर ४००, पूर्ण पोकळ आणि सोनेरी धातूकामाची. तिला त्यांनी साथीच्या स्वराची जादा तार बसवून घेतली आणि तारा उंच करून ती आडवी ठेवून वाजवली. साथीला तबला, समोर कान देऊन बसलेले श्रोते. पोकळ पोटाला याहून अनुकूल जागा सापडणार नाही.

जत्रेचा मंच अगदी दुसऱ्या टोकाला असतो. तिथे वादकाच्या पाठीशी ड्रम, बाजूला ढोलकी आणि पायाशी त्याच्याकडेच तोंड केलेला मॉनिटर. चौफुल्याच्या लावणी कला केंद्रात ढोलकी किती जवळून कडाडते हे ज्याने ऐकलं आहे त्याला अंदाज येईल. अशा ठिकाणी ठोकळा असूनही पंख थरथरतात, आणि गिटार सांभाळण्यात वादकाचं अर्धं लक्ष जातं. शिवाय गावच्या मंचावर गिटारीला स्वतंत्र अँप क्वचित मिळतो. वायर थेट मिक्सरमध्ये खोचतात आणि आवाज पत्र्यासारखा कोरडा येतो. कितीही चांगल्या गिटारीचा तसाच येतो. ज्याचा मुख्य धंदा ऑर्केस्ट्राचा आहे त्याने भरीव गिटार घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत अँपच्या आवाजाची नक्कल करणारं छोटं यंत्र घ्यावं.

विजेचा मुद्दा इथेच संपवू. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकाव्यांची असते आणि तिची गुणगुण एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये शिरते. सेथ लव्हर या गिब्सनच्या अभियंत्याने १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेल्या हंबकर पिकअपमध्ये दोन वेटोळी एकमेकांच्या उलट जोडलेली असतात. बाहेरची गुणगुण दोघांत उलटसुलट येऊन परस्पर कटते, तारेचा सूर तेवढा शिल्लक राहतो. अर्धपोकळ गिटारींना बहुधा हंबकरच असतात, हा त्यांचा आपल्याकडे मोठा फायदा. पण अर्थिंग नसलेल्या जनरेटरवर कोणताही पिकअप माणसाला वाचवत नाही. तारेला बोटं आणि माइकला ओठ एकाच वेळी लागले तर झटका बसू शकतो. अर्थिंग तपासल्याशिवाय मंचावर वाजवू नये.

५. दौंडची हवा

दौंड तालुका पर्जन्यछायेत येतो. कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा असला तरी एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि हवा कोरडी ठणठणीत होते. जुलैत तीच हवा दमट. गिटारीच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्याहून कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, धातूच्या पट्ट्यांची, म्हणजे फ्रेटची, टोकं बाहेर येऊन हाताला टोचतात आणि मान किंचित वाकते.

पोकळ म्हणजे नाजूक, ती उन्हाळ्यात तडकेल, असा आक्षेप ऐकू येतो. अखंड पातळ फळीच्या अकूस्टिक गिटारीबाबत ही भीती खरी आहे. ईएस-३३५ आणि तिच्या वंशातल्या बहुतेक गिटारींचं पोट मात्र थर चिकटवून बनवलेलं असतं. प्रत्येक थराचे तंतू शेजारच्या थराला आडवे जातात, त्यामुळे एका थराची ओढ दुसरा रोखतो आणि तडा सहसा जात नाही. प्लायवूड म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही; ही योजना १९५८ पासूनची आहे. मान मात्र कोणत्याही गिटारीची हलते. वर्षातून दोनदा, उन्हाळा आणि पावसाळा लागताना, मानेतली पोलादी सळई नीट करून घ्यावी लागते.

दुरुस्तीबाबत अर्धपोकळ गिटारीचं एक दुखणं आहे, आणि ते दुकानात कोणी बोलत नाही. भरीव गिटारीच्या मागची झाकणी चार स्क्रू काढून उघडली की सगळं वायरिंग समोर येतं. अर्धपोकळीत बटणं, वायरी आणि सॉकेट पंखांच्या आत असतात आणि पुष्कळ गिटारींना मागे झाकणी नसतेच. एक सैल टाका जोडायचा तर सगळं जंजाळ दोऱ्या बांधून फटीतून बाहेर काढावं आणि पुन्हा तसंच आत ओढून बसवावं लागतं. गावचा इलेक्ट्रिशियन यात हात घालणार नाही. पुण्याला, म्हणजे साठेक किलोमीटरवर, जाणं आलं आणि मजुरीही जास्त.

६. सोनं किती आणि किती दिवस?

आता सोन्याकडे. खुंट्या, ब्रिज, शेपटी आणि पिकअपची झाकणं मिळून धातूचा पृष्ठभाग सुमारे २५० चौरस सेंटीमीटर धरू. शोभेच्या मुलाम्याची जाडी पाव मायक्रॉन, म्हणजे सेंटीमीटरचा चाळीस हजारावा भाग, धरू. दोन्हींचा गुणाकार ०.००६२५ घन सेंटीमीटर. सोन्याची घनता १९.३, म्हणून वजन सुमारे ०.१२ ग्रॅम. सोनं ग्रॅमला दहा हजार रुपये धरलं तर गिटारीवर बाराशे रुपयांचं सोनं झालं. सोनेरी आणि निकेलच्या गिटारीतला फरक याच्या कित्येक पट असेल, तर उरलेले पैसे नक्षीचे आणि हौसेचे आहेत. हौसेला मोल नसतं हे खरं, पण बिलात ती आवाजाच्या नावाने लावू नये.

सोनं गंजत नाही, मग तोच मुलामा टिकाऊ नाही का? सोनं गंजत नाही, पण झिजतं. एक ग्रॅम सोन्याचे दागिने घराघरात आहेत. त्यांचा रंग आधी कुठे उडतो हे सांगावं लागत नाही: जिथे अंगाला घासतात आणि घाम लागतो तिथे. गिटारीवर ती जागा ब्रिजची. तळहाताची कड तिथे टेकते, घामातलं मीठ मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून खालच्या निकेलपर्यंत पोचतं आणि वर्षा-दोन वर्षांत पांढुरके किंवा काळपट डाग उमटतात. खुंट्या त्यामानाने बराच काळ टिकतात. काहींना हे उतरतं सोनं आवडतं, जुन्या गिटारीला शोभतं असं वाटतं, आणि ती आवड गैर नाही. ज्याला ते भांड्यासारखं लख्ख हवं असतं तो पितळेची भांडी घासायची पावडर लावून घासतो आणि उरलंसुरलं सोनं स्वतःच्या हाताने काढतो. मऊ सुती फडक्याने दर वेळी कोरडं पुसणं एवढीच देखभाल.

सोन्याची आणखी एक अडचण सुट्या भागांची. एक खुंटी बिघडली तर निकेल किंवा क्रोमची तशीच खुंटी सहज मिळते. सोनेरी मागवावी लागते, आणि नवी आली की जुन्या पाचांचा रंग तिच्याशी जुळत नाही.

७. उरलेले आक्षेप

मोठ्या वादकांनी सोनेरी गिटारी वाजवल्या, हा आक्षेप भावनेचा आहे आणि त्याचा मान ठेवायला हवा. पण काब्रांचं वाद्य त्यांनी स्वतःच्या गरजेनुसार बदलून घेतलं होतं, आणि बी. बी. किंगला फटी बंद करून हव्या होत्या. दोघांनी जे केलं ते आवाजासाठी. (‘बॅक टू द फ्यूचर’मध्ये १९५५ सालात नायकाच्या हाती ईएस-३४५ दिसते, तेव्हा ती जन्मालाही आली नव्हती. सिनेमाच्या लोकांनीही दिसण्यावरूनच निवडली असणार.)

पुन्हा विकताना सोनेरीला जास्त भाव येतो, असंही म्हणतात. नामांकित कंपनीची लाखांतली गिटार असेल आणि मुलामा शाबूत असेल तर ते पटण्यासारखं आहे. हजारांतल्या गिटारीचा उडालेला मुलामा मात्र भाव पाडतो, कारण घेणारा तोच डाग दाखवून घासाघीस करतो.

परदेशातला नातेवाईक स्वस्तात आणेल, हा विचार मराठी घरांत हल्ली पहिला येतो. सीमाशुल्क धरूनच हिशेब करावा. बोटं ठेवायची पट्टी शिसवीची असली तरी तिची धास्ती बाळगू नये. शिसवीच्या कुळातल्या सगळ्या लाकडांवर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय कागदपत्रांचं बंधन आलं होतं, पण बहुतेक तयार वाद्यांना २०१९च्या नोव्हेंबरपासून त्यातून सूट आहे. खरी अडचण अशी की न वाजवता घेतलेल्या गिटारीची मान हातात बसते का हे कळत नाही.

८. तर मग

दुकानात सोन्याकडे पाठ करून तीन गोष्टी कराव्यात. फटीतून ठोकळा बघावा. प्रत्येक तार मोकळी सुरात लावून बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवावी. वरचा सा चढा किंवा उतरता येत असेल तर ब्रिज तिथल्या तिथे नीट करायला सांगावं, आणि नाही झालं तर गिटार ठेवून द्यावी. मग अँपचा आवाज मोठा करून गिटार त्याच्यासमोर न वाजवता धरावी आणि ती कधी घुमायला लागते ते ऐकावं.

आयुष्यातली पहिली इलेक्ट्रिक गिटार घेणाऱ्याने, किंवा जत्रेच्या मंचावर पोट असणाऱ्याने, ही घेऊ नये, भरीव घ्यावी. ज्याच्याकडे एक भरीव गिटार आहे, जो खोलीत, चर्चमध्ये किंवा बैठकीत वाजवतो आणि ज्याला वर्षातून दोनदा पुण्याची खेप परवडते, त्याने अर्धपोकळ जरूर घ्यावी. सोनेरी आणि निकेलची, दोन्ही समोर असतील आणि फरक दोन-तीन हजारांचा असेल तर मनाला येईल ती घ्या. फरक त्याहून जास्त असेल तर निकेलची घ्या आणि उरलेल्या पैशांत कडक पेटी आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ घेऊन घरी या.